शेजारच्याची करंगळी

मुलांनो, आधी एक करून बघा. डोळे मिटू नका, उगाच झोप लागेल. नुसती जीभ वरच्या दातांच्या मागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आता अशी कल्पना करा, की त्या रांगेतला अगदी मधला एक दात आज सकाळी नाहीसा झाला आहे. जीभ तिथे जाते, थबकते, मागे येते आणि पुन्हा तिथेच जाते. तिला कितीही बजावलं तरी ती ऐकत नाही. तुमच्यातल्या पुष्कळांना हे कल्पना न करताच ठाऊक असेल. म्हणून आणखी एक कल्पना करा: तुम्ही सात वर्षांचे नाही, पंचेचाळीस वर्षांचे आहात. अंगात खाकी कपडे आहेत, खांद्याला चामड्याची पिशवी आहे, आणि महाडहून पोलादपूरला जाणाऱ्या एस.टी.त डोक्यावरची घंटीची दोरी धरून तुम्ही उभे आहात. एवढं जमलं, की तुम्ही महिपत झालात.

साल एकोणीसशे साठ, फाल्गुन सरत आलेला. गाडी महाड सोडून मोकळ्या रस्त्याला लागली होती. महिपतच्या एका हातात तिकिटांची पेटी होती, दुसऱ्या हातात कुणाला तरी द्यायची मोड होती, आणि हात दोनच असल्यामुळे तिकिटाला भोक पाडायचा पंच दातांत होता. ही त्याची जुनी खोड. तो पंच आहे, विडी नव्हे, असं गोमाजी ड्रायव्हरने त्याला कितीदा तरी सांगितलं होतं. एका मोरीपाशी मागचं चाक खड्ड्यात गेलं, गाडी उसळली आणि लोखंड दातावर बसलं. दुखलं म्हणावं तर तसं नाही. कट्कन आवाज झाला, पण तो बाहेरून आला नाही, कवटीच्या आतच उमटला. तळहातावर घेऊन पाहिला तेव्हा दात वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला. पहिल्याच बाकावर प्रयागबाई बसली होती. सुक्या मासळीची पाटी घेऊन ती दर बाजाराला याच गाडीने जायची, आणि दर बाजाराला तिच्यासाठी गाडी सुटता सुटता थांबवावी लागायची. तिने मान पुढे करून महिपतच्या हातातला ऐवज पाहिला आणि हा कवलावर टाक, नवा येल, असा सल्ला दिला. या वयात कुठला नवा, असं महिपत म्हणाला, तेव्हा ती जराही अडली नाही.

"मंग यष्टीच्या टपावर टाक, महिपा. सरकारी दात येल. पगारी."

सगळी गाडी हसली. महिपतही हसला, आणि हसताना त्या खिंडीतून गार वारा आत आला. दात त्याने रुमालात बांधून वरच्या खिशात ठेवला. पुढच्या थांब्यावर काही उतरले, काही चढले, आणि त्याने नेहमीसारखी माणसं मोजायला घेतली. ही त्याची मोजणी त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना पाठ होती. कशासाठी, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. तो बोटांवर मोजायचा नाही, अंगावर मोजायचा. उजव्या हाताने डाव्या करंगळीला शिवला की एक, मग बोटं ओलांडत अंगठा पाच, मनगट सहा, आणि तिथून हाताच्या वाटेने वर चढत कोपराखालचा हात, कोपर, दंड, खांदा, मान, कान, डोळा, तो नाकाशी आला की चौदा झाले. मग नाकाच्या पलीकडे उतार सुरू: दुसरा डोळा, दुसरा कान, असं करत दुसऱ्या हाताच्या करंगळीवर सत्तावीस. प्रत्येक ठिकाणी तो ओठांतल्या ओठांत एक शब्द म्हणायचा. लोकांना ते शब्द ऐकू येत नसत, हात दिसे. महिपा नाकावर हाय, म्हणजे जागा हाय, असं बाहेर उभे असलेले एकमेकांना सांगत आणि आत चढत.

त्या दिवशी तो करंगळीवरच अडला. पहिला शब्द 'तामी', आणि त्या शब्दातला त म्हणजे आपल्या तव्यातला त नव्हे. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकेच टेकवायचं आणि वरून बारीकसा वारा सोडायचा, फुंकर नव्हे, दिवा विझणार नाही इतकाच. महिपतने मनाशी त्याला नाव ठेवलं होतं, वाऱ्याचा त. आज जीभ टेकवायला गेला तर टेकायला कडाच नव्हती, वारा भसकन निघून गेला. त्याने पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. चार-पाच वेळा तो करंगळी धरून तसाच उभा राहिला, तेव्हा आरशातून पाहणाऱ्या गोमाजीने हाक मारून विचारलं, की माणसं मोजतोयस की मुहूर्त बघतोयस. महिपतने दोरी ओढली. गाडी चालू झाली. त्यानंतर तिकीट, तिकीट, म्हणत तो मागपर्यंत गेला आणि त्याच्या लक्षात आलं, की तिकीट म्हणतानाही त तसाच गळतो आहे, पण कुणाचं काही अडत नाही. लोक मुकाट पैसे काढतात, तिकीट घेतात. मराठीत बोलणारा चुकला तर ऐकणारा सावरून घेतो. मोजणीचे शब्द ज्या दुसऱ्या भाषेतले होते, त्या भाषेत सावरून घेणारं या रस्त्यावर कोणी नव्हतं, या तालुक्यात नव्हतं, कदाचित या देशातसुद्धा नव्हतं. ती भाषा फक्त त्याच्या तोंडात राहत होती, आणि आज सकाळी तिच्या दाराचा एक खांब पडला होता.

तो मूळचा पोलादपुरापलीकडे, उमरठच्या वरच्या एका वाडीचा. एकोणीसशे एक्केचाळीसमध्ये फौजेच्या मोटार पलटणीत गेला, सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडला, आणि त्यांनी बोटीत कोंबून त्याला न्यू गिनी नावाच्या बेटावर नेऊन टाकलं. तिथली हमाली, उपास आणि ताप यांच्याविषयी तो कधी बोलत नसे, आणि आपणही ते इथे उकरायला नको. एवढं पुरे, की एके दिवशी तो रानात पळाला, आणि तापाने पडला असताना नदीकाठच्या एका गावातल्या माणसांनी त्याला उचलून नेलं. त्याला आठवे ते हे सगळं नाहीच. त्याला आठवे वर झापांचं छप्पर, खाली कामट्यांच्या जमिनीतून येणारा चुलीचा धूर, माडासारख्या झाडाच्या गाभ्यातून काढलेल्या पिठाची खळ, आणि शेजारी मांडी घालून बसलेली सहा-सात वर्षांची एक मुलगी. तिचं खरं नाव लांबलचक होतं. तो तिला बाय म्हणायचा, आपल्याकडे कुठल्याही लहान मुलीला म्हणतात तसं. मोठी माणसं कामाला जात, आणि आजाऱ्यावर लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे असे. आजारी माणूस एवढा मोठा असून त्याला बोलताच येत नाही, याची तिला आधी कीव आली आणि मग चेव आला. तिने त्याला शिकवायला घेतलं. ती अवयवाला बोट लावी, शब्द म्हणे. त्याने चुकीचा म्हटला की ती त्याचेच ओठ चिमटीत धरून त्यांना आकार देई.

महिपतला शाळेत मास्तरांनी भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता घोकून घेतला होता. झापांखाली पडल्या पडल्या तो ही नवी भाषा त्या तक्त्यावर मांडून पाही, आणि निम्म्याहून अधिक घरं रिकामी राहत. त्या भाषेत स नव्हता, श नव्हता. ल आणि र एकाच घरात राहत, ज्याला जो वाटेल तो त्याने म्हणावा. ब आला की त्याच्या आधी ओठ मिटून थोडा म् म्हणायचा, द आला की आधी न्, जणू हे आवाज दारात उभे राहून खाकरल्याशिवाय आत येत नाहीत. वर्णमालेत ज्याला कधीच काम नसतं तो बिचारा ङ इथे शब्दाच्या आरंभी ताठ उभा राही. थोडक्या आवाजांत सगळं भागवायचं म्हणून की काय, सूर बदलला की अर्थ बदले. एकच शब्द उंच सुरात म्हटला तर नदी, खालच्या सुरात म्हटला तर सासरा. आणि ह नव्हता, त्यामुळे सगळं गाव त्याला मईपत म्हणे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो धडपडत उठून बसला होता, कारण वाडीवर त्याची आई त्याला अगदी तश्शीच हाक मारायची.

सगळ्यांत छळलं ते वाऱ्याच्या त ने. तीन दिवस तो त्यावर अडून होता. बाय पुन्हा पुन्हा तोंड उघडून दाखवी, बघ, असं, आणि तिच्या तोंडून तो आवाज वेळूच्या बनातून आल्यासारखा सहज येई. चौथ्या दिवशी महिपतने जीभ दातांच्या कडेला लावून नेमका तो काढला, तेव्हा ती टाळ्या पिटत बाहेर पळाली आणि गावाला सांगून आली. संध्याकाळी म्हातारे जमले. त्याने 'तामी'पासून अंग मोजून दाखवलं, आणि ते म्हातारे असे हसले, असे हसले, की एकाच्या तोंडातली सुपारी खाली पडली. महिपतला वाटलं, कौतुकाने हसताहेत. त्या म्हाताऱ्यांचा त त्याने ऐकला होता, तो साधा तव्यातला होता. त्यावर त्याने विचार करून ठरवून टाकलं होतं, की सुपारी आणि चुना खाऊन यांचे दात झिजले, यांची भाषा बिघडली, पोरीची शुद्ध आहे.

पुढे लढाई संपली, गोरे शिपाई नदीने होड्या घेऊन आले, आणि त्याला जायची वेळ झाली. त्या गावची रीत अशी, की लांब जाणाऱ्याला अंगभर मोजून पाठवायचं, म्हणजे तो वाटेत कुठे कमी होत नाही. बायने काठावर उभं राहून त्याला या करंगळीपासून त्या करंगळीपर्यंत मोजलं. खांदा आणि कान यांना तिचा हात पोचेना, म्हणून त्याला गुडघे टेकावे लागले. त्याने तिला मराठीत सांगितलं, की हे मी राखीन. तिला ते कळलं नसणार. पण तेव्हापासून पंधरा वर्षं, एक दिवस न चुकता, त्याने ते राखलं होतं. दुसऱ्या कुणाला मात्र दिलं नव्हतं. परत आला तेव्हा वाडीवर बोलवा उठली होती, की हैबतीचा महिपत बेटावरून कसलासा मंत्र घेऊन आला, ओठ हलवतो आणि अंग चाचपतो. त्याची बायको बनू लग्न होऊन आली, तिलाही कुणी तरी हे आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून शब्द ओठांच्या आत गेले, आणि कुणी विचारलंच तर बनू सांगायची, की त्यांना घामोळं हाय.

संध्याकाळी तो महाडच्या आपल्या दोन खोल्यांत आला तेव्हा बनू भाकऱ्या थापत होती आणि त्यांची शकू ओट्यावर पाय सोडून पाढे म्हणत बसली होती. शकू सात वर्षांची, दुसरीत. तिला दात दाखवावा लागला. तिने तो उजेडात धरून पाहिला आणि आपला याहून मोठा होता असं जाहीर केलं. आठ दिवसांपूर्वीच तिचे वरचे दोन दात पडले होते आणि कौलावर गेले होते. मग ती पुन्हा पाढ्यांकडे वळली. महिपत चूळ भरून खांबाला टेकला. जीभ खिंडीत जाऊन बसली होती. तो मनातल्या मनात तामी म्हणून पाहत होता आणि दर वेळी वारा भसकन निघून जात होता, आणि त्याला असं वाटत होतं, की नदीपलीकडच्या काठावर कोणी तरी उभं आहे आणि तिथून पहिलाच शब्द ऐकू न आल्यामुळे पुढची मोजणी सुरूच करता येत नाही.

"तीन एके तीन," शकू म्हणाली. "तीन दुणे सहा."

महिपतने मान वर केली. त्याने तिला पुन्हा म्हणायला सांगितलं. पाढा चुकला असं वाटून तिने जोरात म्हटलं. जिभेचं टोक, त्यावरून जाणारा बारीक वारा, दिवा विझणार नाही इतकाच. तोच. हुबेहूब तोच. तो उठून तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिला, आणि त्या तोंडामागून दुसरं तोंड हळूहळू वर आलं, झापांखालचं, धुरातलं, बघ, असं, म्हणून उघडलेलं. त्यातसुद्धा पुढे दोन दात नव्हते. त्याने ते त्या वेळीही पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थ लावला नव्हता. म्हातारे बरोबर होते. तो साधा तव्यातलाच त होता. वाऱ्याचा त त्या भाषेत नव्हताच कुठे. तो एका पोरीच्या पडलेल्या दातांचा आवाज होता, आणि तीस-पस्तीस माणसांच्या गाडीत, उन्हापावसात, पंधरा वर्षं महिपत तो जिवापाड राखत आला होता. म्हातारे का हसले तेही आता कळलं. मिशीवाला थोराड गडी बोबडं बोलत होता.

मग त्याला बाय नदीकाठावर उभी असलेली दिसली, आणि पहिल्यांदाच त्याने तिचं वय मोजलं. सात आणि पंधरा, बावीस. बावीस वर्षांची बाई, कडेवर मूल असेल, आणि ती तामी म्हणत असेल तर तव्यातला त घालून म्हणत असेल. तिचे दात पंधरा वर्षांपूर्वीच, तो बोटीत बसल्यावर महिन्याभरात, आले असतील. पंधरा वर्षं त्यानेच तिला दात येऊ दिले नव्हते. हे मनात आलं आणि त्याला हसू फुटलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून, मग त्या नव्या खिंडीतून शीळ घालत बाहेर पडलं. हातात ओलं पीठ घेऊन बनू दारात आली. त्याने तिला हसत हसत सगळं सांगितलं, बेट, बाय, म्हातारे, सुपारी, सगळं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि हे ती पहिल्यांदा ऐकत होती. ती चौकटीला टेकून ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली.

"म्हंजे मंत्र नव्हता," ती शेवटी म्हणाली. "आनि मी मेली अकरा वर्सं घामोळ्याचं सांगतेय."

शकूला तोवर धीर नव्हता. तिने करंगळी पुढे केली होती. महिपतने तिला सांगितलं, की खरा आवाज तव्यातला आहे, पण तुला आत्ता तो यायचा नाही, आणि आता मलाही यायचा नाही. तुझा दात आला की तुझा आपोआप नीट होईल. मग दोघांनी मिळून, दोघांच्याही खिंडीतून वारा सोडत, तामी म्हटलं. मनगट, कोपर, खांदा. खांद्याशी ती लाजली, कानाशी तिला गुदगुल्या झाल्या, नाकाशी ती हसून आडवी झाली. तीन वेळा वर चढून खाली उतरल्यावर तिचे शब्द सुटे झाले. मग तिने शाळेत विचारतात तसा प्रश्न विचारला.

"आनि बाबा, सत्ताविसाच्या पुढं?"

महिपतने सांगितलं, की पुढे आपलं अंग संपतं. तिथे मग शेजारी जो बसला असेल, तो आपली करंगळी पुढे करतो, आणि त्याच्यावरून मोजायचं.

"शेजारी कुनी नसंल तर?"

"मंग काय, परत आपलीच करंगळी. मी यष्टीत तसंच करतो."

शकूने विचार केला. "ते मग खोटं झालं," ती म्हणाली.

महिपतची जीभ खिंडीत गेली आणि परत आली. खोटं म्हणजे, बेटावर खरंच असं कोणी करत नसे. एकट्याने सत्ताविसाच्या पुढे जाताच येत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. पण गाडीत माणसं सत्तावीसच्या वर भरायची आणि शेजारी कोणी नसायचं.

आठ दिवसांनी शाळेला सुट्टी होती आणि बाजारही होता. शकूला आजोळी पोलादपूरला सोडायचं होतं, म्हणून ती बापाबरोबर गाडीत आली. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, खिडकीशी, फ्रॉक सारखा करून ती बसली. गोमाजीने वळून तिला विचारलं, की आज मोठा कंडक्टर कोण आणि छोटा कोण. तिने उत्तर दिलं नाही, कारण ती लक्ष देत होती. गाडी भरली. महिपत पुढे येऊन उभा राहिला, आणि आज त्याने शब्द ओठांत ठेवले नाहीत. मोठ्याने म्हटले असं नाही, पण पहिल्या तीन बाकांना ऐकू जातील इतपत म्हटले. पहिल्या शब्दाला वारा भसकन गेला, तो त्याने जाऊ दिला. गाडीतलं बोलणं हळूहळू थांबलं. इतकी वर्षं नुसता हात पाहिलेली माणसं आता त्या हाताचा आवाज ऐकत होती. एक म्हातारा कानामागे तळवा धरून पुढे वाकला. कोपर, खांदा, मान, कान. नाकावर आल्यावर कोणी तरी सवयीने जागा हाय म्हणालं आणि शेजारणीने त्याला गप्प केलं. पलीकडचा उतार संपला, दुसरी करंगळी आली, सत्तावीस. मागच्या लांब बाकावर अजून चार माणसं मोजायची उरली होती.

महिपतचा हात सवयीने आपल्या पहिल्या करंगळीकडे वळला, आणि तो पोचायच्या आतच समोर एक लहानशी करंगळी ताठ उभी राहिली होती.

"तामी," शकू म्हणाली. त्या शब्दातून वारा गेला, दिवा विझणार नाही इतकाच. मग बापाकडे न बघता, मागच्या बाकावरच्या माणसांकडे एकेक करून मान उंचावून बघत, तिने दुसरं बोट घेतलं, तिसरं घेतलं, आणि चौथ्यावर येऊन ते दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरलं.

महिपतला दोरी सापडायला जरा वेळ लागला. टण् टण्. गोमाजीने गाडी सोडली, आणि ती स्टँडबाहेर वळते न वळते तोच मागून आरडाओरडा आला. पाटी डोक्यावर एका हाताने सावरत प्रयागबाई पळत येत होती आणि सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. गाडी थांबली. मासळीचा वास आधी चढला, मग पाटी चढली, मग ती चढली. सगळे हसत होते. शकू हसली नाही. तिने मुठीतलं बोट सोडलं आणि अंगठा धरला.